ताईच्या अंगणातली हवा

मी पनवेलला हवा तपासणाऱ्या एका खाजगी लॅबमध्ये नोकरीला होतो. कुठल्या देशात हवेतली किती धूळ चालवून घेतात, त्याचा तक्ता आमच्या भिंतीवर लावलेला असे. युरोपची मर्यादा बरीच कडक. आपल्याकडे तेव्हा राहत्या वस्तीला एक मर्यादा आणि औद्योगिक भागाला वेगळी, चांगली सढळ. औद्योगिक भागातल्या माणसांना फुप्फुसं वेगळी देतात का, असं मी एकदा साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तू धुळीचे कागद वजन कर."

माझी थोरली बहीण जासईला दिली होती. तिच्या दारावरून दिवसभर कंटेनरचे ट्रेलर जायचे. तिला दमा जडला होता. चार वाक्यं बोलली की पाचव्याला थांबायची. गावाने अर्ज करून करून आमच्या लॅबकडून एका दिवसाची तपासणी मिळवली. धूळ मर्यादेबाहेर निघाली तर ट्रेलर दुसऱ्या रस्त्याने वळवू, असं अधिकाऱ्यांनी कबूल केलं. तपासणीची मशीन ताईच्या अंगणात ठेवायची, हे मीच सुचवलं. मोठा शहाणा ना मी!

ही मशीन हवा ओढते आणि धूळ आतल्या कागदावर बसते. दर आठ तासांनी कागद बदलायचा, असे तीन कागद, मग तिन्हींची सरासरी. पहिला कागद काळाकुट्ट निघाला. तो बघून मला आनंद झाला, हे खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या खेपेला गेलो तर अंगण चिंब भिजलेलं. मशीनभोवती चार काठ्या रोवून ताईने आपली ओली लुगडी आडवी बांधली होती. आत मशीन बिचारी घरघरत होती.

"हे काय करून ठेवलंस गं?" मी ओरडलोच.

"धूळ बघ किती उडते," ती धापा टाकत म्हणाली. "येवढी म्हागाची मशीन तुजी. आमच्या दारात खराब झाली, तं तुला नोकरीवर ठेवतील का? तासातासाला पानी मारतंय मी."

दुसरा कागद जवळजवळ पांढराच निघाला. नमुना तिथेच रद्द करायला हवा होता. पण मशीन दुसऱ्या दिवशी भलतीकडे जायची होती आणि पुन्हा तारीख मिळवायला गावाला परत पहिल्यापासून अर्ज करावे लागले असते. शिवाय त्या दम्यात तिने बादल्या वाहिल्या होत्या. मी लुगडी सोडली, तिसरा कागद घातला आणि गप्प बसलो. काळ्या कागदाच्या जोरावर सरासरी तरून जाईल, असं मनाला समजावलं.

नाही तरली. आजूबाजूला गोदामं म्हणून ताईचं घर औद्योगिक भागात धरलं होतं आणि त्या मर्यादेत हवा पास झाली. त्याच सरासरीवर युरोपात ती नापास होती. पुढे सरकारने औद्योगिक भागाची ती वेगळी सवलत काढून टाकली, पण तोवर ताई उरली नव्हती. अहवालावर नमुना घेणारा म्हणून माझी सही होती.

ट्रेलर तसेच चालू राहिले. माझ्याकडे नवीन पनवेलला राहायला चल, म्हणून मी तिच्या किती विनवण्या केल्या.

"कशाला?" ती म्हणाली. "तूच सही केलीस ना, हवा चांगली हाय म्हनून? मंग हा खोकला माजाच हाय."

टोमणा नव्हता तो. तिचा खरंच विश्वास बसला होता. तिला खरं सांगितलं असतं तर तिच्याच लुगड्यांनी घात केला हेही सांगावं लागलं असतं. माझी जीभ रेटली नाही. आज त्याची लाज वाटते.

शेवटी तिला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घराजवळ धूळ फार असते का? मी तोंड उघडायच्या आत तिने नाकावरची नळी बाजूला केली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"नाय," ती म्हणाली, "माजा भाव सोता तपासून गेलाय."