रिलेमधलं आईचं नाव
राउटरच्या तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की भिसेगावचं आमचं घर आठवतं. तेव्हा आईला जाऊन महिनाही झाला नव्हता. मी लॅपटॉपवर कमांड टाकत घरच्या राउटरवर डीएनएस रिले बसवत होतो; नाव विचारलं की तो यंत्राचा पत्ता सांगतो. टीव्ही, बाबांचा फोन, सगळ्यांची नावं घातली. मागून बाबा म्हणाले, "आयेचा फोन राह्यला रं." "तो बंद हाय, बाबा." "आसू दे. घरात नाव नको तिचं?" घातलं. विचारल्यावर रिलेनं लगेच पत्ता दिला. बाबा पुढे वाकले. "पत्ता गावला ना? मंग हाक मार." त्या पत्त्यावर हाक देणारी पिंगची कमांड मी टाकली. उत्तर येईना, तरी बाबा खुर्ची ओढून वाट बघत बसले. आता बाबाही नाहीत. परवा नवा रिले बसवला, तेव्हा आधी त्या दोघांची नावं घातली. हाक मात्र मारली नाही.