हिरव्या पट्ट्यावरच्या कुंड्या

सायकलवाल्यांनी सायकल ट्रॅक वापरायला नको का, हा प्रश्न मला आजवर फक्त गाडीत बसलेल्या माणसांनी विचारला आहे. काच खाली करून विचारतात आणि उत्तर द्यायच्या आत काच वर करतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे बदललेली, खुबा मोडलेली माणसं दवाखान्यात येऊ शकत नाहीत, म्हणून मी त्यांच्या घरी जाते. राहते कांदिवलीत, पेशंट बोरिवलीपासून दहिसरपर्यंत पसरलेले. रिक्षाने निघाले तर निम्मी सकाळ सिग्नलला जाते. सायकलवर वेळेत पोचते. पर्यावरणाशी किंवा वजन कमी करण्याशी याचा काही संबंध नाही. लोक तसं समजून कौतुक करतात तेव्हा मला कंटाळा येतो.

आमच्या इमारतीसमोर रस्त्याच्या कडेने हिरवा पट्टा रंगवला गेला आणि त्यावर पांढऱ्या सायकली काढल्या गेल्या. रंग वाळला त्याच संध्याकाळी तिथे पहिली गाडी उभी राहिली. आमची इमारत जुनी, आत एका घराला एकच गाडी मावते. घरोघरी दुसरी गाडी आली तेव्हा ती कुठे ठेवायची हा प्रश्न होताच. हिरवा पट्टा आयताच मिळाला. कमिटीने बसून कोणाची गाडी कुठे, हे ठरवूनही टाकलं. गाडी बाहेर गेली की दुसऱ्या कोणी जागा बळकावू नये म्हणून वॉचमन तिथे कुंडी ठेवायचा. प्रत्येकाची कुंडी ठरलेली. कोणाची कोरफड, कोणाची सदाफुली. गेटला लागून असलेली सगळ्यात सोयीची जागा सेक्रेटरींची, आणि त्यांची कुंडी क्रोटनची.

एका सकाळी मी गेटमधून निघून रस्त्याला लागले, आणि सेक्रेटरींनी मागे न बघता ट्रॅकवरून गाडी बाहेर काढली. त्यांचा आरसा माझ्या हँडलला लागला. मी डाव्या हातावर पडले. अंगठ्याच्या मुळाशी कळ गेली तेव्हाच मला कळलं की हे प्रकरण काही आठवडे पुरणार आहे. माझं सगळं काम त्या हातांवर चालतं.

काच खाली झाली.

"वहिनी, ट्रॅक कशासाठी केलाय मग? रस्त्याच्या मधून कशाला चालवता?"

"ट्रॅकवर तुमची गाडी होती."

"आता आहे का? काढली ना मी!"

त्यांच्या मागे वॉचमन क्रोटनची कुंडी जागेवर ठेवत होता.

मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. एवढंच मागितलं की ट्रॅकवर गाड्या लावू नका. त्यावर झालेली चर्चा ऐकून असं वाटलं असतं की मीच कोणाच्या तरी गाडीवर चढले होते. हेल्मेट का नव्हतं? होतं. भडक कपडे घालायला काय होतं? या वयात सायकल? शेवटी ठराव झाला, तो असा: सोसायटीतल्या सायकलस्वारांनी सुरक्षिततेसाठी ट्रॅकच वापरावा, जो वापरणार नाही त्याला जिन्याखाली सायकल ठेवू दिली जाणार नाही. जिन्याखाली मुलांच्या गंजलेल्या सायकली आहेत, पण चालणारी सायकल एकच. माझी. मी चौथ्या मजल्यावर राहते आणि आमच्या लिफ्टमध्ये सायकल आडवी, उभी, कशीही जात नाही. जिन्याखालची जागा गेली म्हणजे सायकल गेली, आणि सायकल गेली म्हणजे अर्धे पेशंट गेले.

पहिल्या मजल्यावरच्या मैत्रिणीने मला जिन्यात गाठलं. "अगं, जाऊ दे ना यार. एका सायकलवरून कशाला सगळ्यांशी वाकडं घेतेस?"

"तुझी दुसरी गाडी कुठे असते गं?"

सदाफुलीची कुंडी तिची.

नवरा म्हणाला, "थोडे दिवस रिक्षाने जा."

"थोडे म्हणजे ट्रॅक रिकामा होईपर्यंत?" मी विचारलं.

ठराव मोडायचा नाही, पाळायचा, असं मी ठरवलं. हात सायकल धरण्याइतपत बरा झाला त्या सकाळी सातच्या आत खाली उतरले, सायकल गेटशी उभी केली आणि वॉचमनच्या केबिनमधून सेक्रेटरींचा इंटरकॉम लावला. त्यांच्या बायकोने उचलला.

"काय झालं? कोणाला लागलं का?"

"अजून नाही. गाडी काढायला सांगा. मला ट्रॅकवरून जायचंय."

मग सदाफुली. मग कोरफड. आमच्या इमारतीच्या जेवढ्या गाड्या पट्ट्यावर होत्या तेवढ्या घरांना फोन केले. सेक्रेटरी बनियनवर खाली आले, हातात चावी.

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुमचाच ठराव आहे. तुम्हीच वाचून दाखवलात."

"सकाळी सकाळी माणसाला झोपू द्याल की नाही?"

"झोपा ना. गाडी काढा आणि झोपा."

त्या दिवशी त्यांनी गाडी काढली नाही. मी पहिल्या पेशंटला उशीर होईल म्हणून कळवलं आणि तिथेच उभी राहिले. ऑफिसला निघालेली माणसं गेटमधून जाताना माझ्याकडे बघत होती. शेवटी मैत्रिणीचा नवराच सेक्रेटरींवर ओरडला, "काढा ना हो, सगळ्या बिल्डिंगची झोप घालवलीत!" दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन केले. तिसऱ्या दिवशीही. कधी एखादी गाडी हलली, सगळ्या एकदम कधीच नाही. लिफ्टमध्ये बोलणं थांबलं. माझ्या सायकलची हवा कोणीतरी सोडली. मी पंप घरी ठेवते. भरली आणि इंटरकॉम उचलला.

मग एका रविवारी सेक्रेटरींनी डाव टाकला. भल्या पहाटे सगळ्यांच्या गाड्या मागच्या गल्लीत नेऊन लावल्या. कुंड्या गेटच्या आत ओळीने. मी खाली आले तर आठ-दहा मंडळी चहाचे कप घेऊन बघायला उभी.

"घ्या, वहिनी. तुमचा ट्रॅक. आता होऊ दे हौस."

हिरवा पट्टा मी पहिल्यांदाच पूर्ण बघत होते. गाड्यांखालचा रंग अगदी नवा राहिला होता. मी सायकलवर बसले आणि निघाले. सुरेख होतं, खोटं कशाला बोलू. दोन इमारतींइतकं अंतर खडखडाट नाही, हॉर्न नाही. मग समोर विजेचा करडा लोखंडी डबा आला. कपाटाएवढा, ट्रॅकच्या बरोबर मधोमध, त्यावर कवटीचं चित्र. रंगवणाऱ्यांनी त्याच्या अलीकडे एक सायकल काढली होती आणि पलीकडे एक. आजवर त्याच्या पुढे-मागे गाड्या उभ्या असायच्या, म्हणून तो ट्रॅकच्या मधोमध आहे हे मला कधी कळलंच नव्हतं. डब्याच्या एका बाजूला गटाराचं उघडं तोंड, दुसऱ्या बाजूला दुभाजकाचा दगड. मी उतरले, सायकल उचलली आणि रस्त्यावर ठेवली.

मागून हशा ऐकू आला. सेक्रेटरी चालत डब्यापर्यंत आले होते.

"बघा! मुळात ह्यांना ट्रॅकवर चालवायचीच नव्हती!"

"नव्हतीच," मी म्हणाले. "मला बोरिवलीला जायचं होतं. तुमच्या ट्रॅकने जाऊन दाखवा."

त्यांनी डब्याकडे बघितलं. त्यांच्या हातातला चहा निवला असावा, कारण तो त्यांनी गटारात ओतला.

पुढच्या मीटिंगमध्ये ठरावाचा विषय कोणी काढला नाही. नोटीस बोर्डावर लावलेली ठरावाची सूचना एके दिवशी नव्हती. माफी मागितली गेली नाही, मीही मागायला लावली नाही. सायकल जिन्याखाली आहे. मैत्रीण नमस्कारापुरती उरली आहे, आणि मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. हवा अधूनमधून कोणीतरी सोडतं.

गाड्या त्याच रविवारी संध्याकाळी पट्ट्यावर परतल्या होत्या. मी आता कोणाला उठवत नाही. डाव्या लेनच्या मधोमध चालवते, आधीपेक्षा जास्त मधोमध. सकाळी मागून हॉर्न वाजतो, लांबलचक, आणि तो कोणाचा हे मला वळून न बघता कळतं. मी कडेला होत नाही. कडेला क्रोटन आहे.