वांगी वाळवून दिलेलं पाणी

लातूर नवा जिल्हा झाला आणि मला कचेरीत कारकुनी मिळाली. गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत प्लॉट घेतला. अर्ध्यावर दोन खोल्या बांधल्या, अर्ध्यावर भाजी लावली. मेथी, चुका, वांगी, दोडक्याचा वेल. रेणापूरचं शेत लातुरात आणलंत, म्हणून लोक हसायचे. तिकडे आमचं शेत कधीच नव्हतं. मायनं जन्मभर दुसऱ्यांची खुरपली. इथले चार वाफे तेवढे तिचे. संध्याकाळी दोघी अंगणातल्या हापशावरून पाणी घालायचो, आणि रविवारी मी या बागेवर पेपरात लिहायची. बाग आणि लेखणी, दोन्हींचा मला भारी गर्व. मेथी गल्लीभर जायची. शेजारच्या मास्तरीणबाई तर हक्कानं मागून न्यायच्या.

मग लागोपाठ पाऊस हुकला. नगरपालिकेचा नळ आठवड्यातून एकदा, तोही नावाला. आमचा हापसा चालू होता, पण मोजके हंडे देऊन दम टाकायचा. बायका हंडे घेऊन दारात आल्या. माणसं तहानलेली असताना वांगी कसली पोसायची? मी वाफ्यांचं पाणी तोडलं.

माय भडकली. "वांगी मारून कुणाला पाजायलीस? त्या पीत न्हाईत आपलं पाणी."

"मेथी नेतात की."

"भाजी चालती. पाणी चालत न्हाई."

खेड्यातल्या विहिरीपासून लांब उभं राहून तिनं ओंजळीत पाणी घेतलं होतं, त्या दिवसांचं हे बोलणं. दीक्षा घेऊन इतकी वर्षं झाली, आता नवा जिल्हा, शिकलेली माणसं, असलं कोण पाळतं, म्हणून मी तिच्यावरच ओरडले. पंधरवड्यात दोडका वाळला, वांग्यांनी माना टाकल्या. माय वाफ्यांकडे पाठ करून बसायची. मी मात्र पेपरात झोकात लिहिलं, आमच्या एका हापशाचं पाणी सगळी गल्ली पिते. तो लेख आठवला की आजही स्वतःची लाज वाटते.

पेपर दाखवायला मीच मास्तरीणबाईंकडे गेले. घसा कोरडा पडला होता. हसत म्हटलं, "पाणी द्या, आमच्याच हापशाचं."

त्यांची सून सहज बोलून गेली, "ते नाही हो ताई, ते सांडायचं. फरशीला, कूलरला. प्यायचं मामंजी सायकलवर आणतात, स्टेशनाकडच्या बोअरचं."

बाईंनी घाईनं सावरलं, "तुमचं जरा जड आहे ना."

जड! त्या पाण्यात आमची तुरीची डाळ लोण्यासारखी शिजत होती. मी न पिताच उठले.

मायला काही सांगितलं नाही. माझ्या तोंडावरून तिला कळलं असावं. 'म्हणले व्हते' असंही ती म्हणाली नाही, त्याचाच जास्त राग आला. हापशाला कुलूप ठोकावंसं वाटलं. पण पाणी अडवणाऱ्यांची तोंडं मायनं पाहिली होती, तिच्या पुढ्यात मला तसं व्हायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रांग लागायच्या आत मी हापसायला लागले. पहिले सहा हंडे जीव धरून राहिलेल्या वांग्यांना घातले. बाई हंडा घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या.

"अहो, माणसं पाण्यासाठी तडफडताहेत, आणि तुम्ही भाजीला घालताय?"

"भाजी पिते," मी म्हणाले.