एमीच्या कॅमेऱ्यासमोर सासूबाई

घराची मागची खोली भाड्याने दिली की भाडेकरूबरोबर किस्सेही राहायला येतात, आणि भाडेकरू गेला तरी ते हलत नाहीत. इथे परदेशात, क्लेटनच्या आमच्या घरात एमी आली, सिनेमॅटोग्राफर. तिच्या मागोमाग तिची मैत्रीण काओरू, दिग्दर्शिका. दोघी जपानी, दोघी पन्नाशीच्या. आमच्याच घरात त्यांना फिल्म करायची होती. मुलगी दूरदेशी जाते आणि आई दारात उभी राहते, एवढीच गोष्ट.

* * *

एमी रोज दुपारी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून भिंतीकडे बघायची. मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला वाटलं, भिंतीत ओल आलीय आणि बिचारी संकोचाने बोलत नाही. त्याने प्लंबर बोलावला!

प्लंबरने भिंत ठोकून पाहिली, मग एमीलाच विचारलं. ती म्हणाली, ऊन बघतेय. चार वाजता खिडकीतून येतं आणि हळूहळू फ्रिजपर्यंत सरकतं. तोही शेजारी मांडी घालून बसला. ऊन फ्रिजला लागेपर्यंत दोघं तिथेच बसून होते.

"नो लीक, मेट," जाताना तो मंदारला हळूच म्हणाला, घरात कोणी झोपलं असावं तसं.

* * *

शूटिंगच्या आधी काओरू गल्लीतल्या प्रत्येक घरी खाऊचा डबा देऊन, कमरेत वाकून आगाऊ माफी मागून आली. त्यांच्याकडे तशी पद्धतच आहे. समोरच्या केव्हिनला इतकं अवघडल्यासारखं झालं की पानं उडवायचं आपलं कर्कश मशीनच तो आमच्या दारात ठेवून गेला. म्हणाला, तुमच्याकडेच राहू दे, माझा माझ्यावर भरवसा नाही!

* * *

आईचं काम करणारी बाई ऐन वेळी आजारी पडली. पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई तिथेच मटार सोलत बसल्या होत्या. एमी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. ठरलं.

काओरू जपानीत सांगायची, सासूबाई "हो गं, कळलं" म्हणायच्या आणि अगदी तसंच करायच्या. मी मध्ये पडून, काओरूला इंग्रजीत विचारून भाषांतर केलं की सगळं बिघडायचं. शेवटी काओरूने मला वाकून नमस्कार केला आणि बाहेर जाऊन चहा प्यायला सांगितलं.

* * *

टोकियोत एमीने एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या लेन्स पुसल्या. कॅमेऱ्याला डोळा कोणी लावू दिला नाही. ही तिची पहिली फिल्म. नाही जमली तर परत जाऊन भावाच्या दुकानात बसायचं, असं तिने घरी कबूल केलं होतं. ऐकून मला रडूच आलं. सासूबाईंना सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "मग मी नीट उभी राहते."

* * *

सासूबाईंचं विमान रविवारी. शनिवारी दुपारी शेवटचा शॉट, आणि आभाळ भरलेलं. एमी तासन् तास ढगांकडे बघत बसली. अखेर ऊन आलं. फिल्ममधली मुलगी अंगणातून निघून गेली. सासूबाई दारात उभ्या, पिवळ्या उजेडात, इतक्या सुंदर की मी श्वास रोखून धरला. आणि अचानक त्या वळून घरात गेल्या! काओरूने डोकं धरलं.

त्या वाटी घेऊन बाहेर आल्या, थेट कॅमेऱ्याकडे. काओरू 'कट' म्हणणार, इतक्यात एमीने डोळा न हलवता एक हात वर करून तिला थांबवलं. तोच हात सासूबाईंनी धरला आणि तळव्यावर दही-साखर ठेवली.

"पहिलं काम आहे ना गं," त्या लेन्समध्ये बघत म्हणाल्या. "यशस्वी हो."

एमीने डोळा कॅमेऱ्याला तसाच ठेवून तळहात चाटला. 'कट' कोणीच म्हटलं नाही.