सहावा रुग्ण

हॉस्पिटलात तिला सगळे कासव म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. नसांच्या आजारांच्या विभागात ती वर्षानुवर्षं कंत्राटावर डॉक्टर. मागाहून आलेले कायम झाले, आणि ही आपली तिथेच, सरकत सरकत. कायम व्हायचं तर मोठ्या परिषदेत काहीतरी वाचलेलं हवं, आणि त्यासाठी आधी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवायचं. म्हणजे पानभर सारांश: कोणता आजार, किती रुग्ण, त्यांचं पुढे काय झालं.

तिच्याकडे सांगण्यासारखं होतं. एक दुर्मीळ दुखणं, पायांत मुंग्या येऊन सुरू होतं, वर वर चढतं आणि छातीपर्यंत पोचलं की श्वास थांबतो. असे पाच रुग्ण तिने जिवाचं रान करून सांभाळले. चार गेले.

विभागप्रमुखांनी सारांश वाचला. "केसेस सुंदर आहेत गं. पण पाचांना कोण विचारतं? अजून एक आण, मग बघू."

आण म्हणे! जशा काही बाजारात मिळतात. आणि डॉक्टर लोक केसला सुंदर म्हणाले की समजावं, कुणाच्या तरी घरावर कुऱ्हाड कोसळली.

तेव्हापासून कुणी "मुंग्या येतात" म्हणालं की हिचे कान टवकारायचे. तपासून "काही नाही आजोबा, जा घरी" म्हणताना चेहरा पडायचा. आजोबा खूश, डॉक्टर नाराज! मग तिला स्वतःचीच किळस यायची. घरी आई विचारायची, "मिळाला का गं सहावा?" सहावा कसला, हे आईने कधी विचारलं नाही, हिने सांगितलं नाही. "मिळेल गं, धीर धर," म्हणत आई जेवायला वाढायची.

मिळाला. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवायच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी. ट्रक चालवणारा, चांगला धडधाकट गडी. सोबत बायको आणि धाकटा भाऊ. तपासणीचा रिपोर्ट तिने कॉरिडॉरमध्येच उघडला, वाचला आणि हसली. अगदी मनापासून. समोरच्या बाकावर त्याची बायको बसली होती.

ती तडक आपल्या खोलीत आली. पाचाचे सहा केले, टक्केवारी बदलली. पाचला परिषदेची वेबसाइट बंद होणार होती, आणि पाच वाजायला आलेच होते. तेवढ्यात ती बायको दारात.

"मॅडम, तुम्ही हसलात ना, तेव्हाच माझा जीव भांड्यात पडला. बरे होणार ना हे? मग दिराला परत पाठवते. नवी नोकरी आहे त्याची, उगीच खाडे कशाला? पाठवू ना?"

आता उठायला हवं होतं. तिला खुर्चीत बसवून सांगायला हवं होतं, की बाई, मी माझ्यासाठी हसले, दिराला थांबव. पण असलं बोलणं काही उभ्या उभ्या होत नाही, त्याला वेळ लागतो. कासवाने जन्मात एकदाच घाई केली.

"हं," ती म्हणाली. पडद्यावरची नजरसुद्धा हलवली नाही.

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट गेलं. मग ती वॉर्डात गेली, तेव्हा दीर निघून गेला होता. ट्रकवाला उशीला टेकून बायकोची चेष्टा करत होता. "मॅडम, टायर पंक्चर झालेत नुसते. इंजिन ठीक आहे," म्हणाला. दोघं इतकी हसत होती की हिची जीभ रेटेना. सकाळी सांगू म्हणून ती घरी गेली.

सकाळी त्याच्या घशात नळी होती. दुपारी तो गेला.

भाऊ पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. "एक शब्द बोलू दिला नाहीस, वहिनी," एवढंच म्हणून तो जिन्यात मटकन बसला. वहिनी उठली आणि मॅडमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, कालच्याच जागी. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

"मॅडम, मग तुम्ही हसला कशाला होतात?"