मी मारलेली फुली

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला एक काम असतं. 'अध्यापन आणि अध्ययन याविषयी माझी धारणा' अशी चार पानं लिहायची आणि फाईलला लावायची. आमच्या उदगीरच्या कॉलेजात ही चार पानं कुणी लिहीत नाही. मागच्या वर्षीच्या मुलींची फाईल आणायची, उतरवून काढायची, वर आपलं नाव टाकायचं. म्हणजे मास्तर व्हायच्या आधीच कॉपी करायची, आणि तीही स्वतःच्या विश्वासाची.

मला याची भयंकर चीड होती. मी माझी चार पानं स्वतः लिहिली. लातूरला बी.ए. करताना तीन वर्षं मी विद्यार्थ्यांच्या एका संघटनेसाठी पत्रकं लिहायचे. होस्टेलच्या पाण्यावर, बंद केलेल्या बसफेरीवर, शाळांमधल्या रिकाम्या जागांवर. पत्रक लिहायचं ठरलेलं तंत्र आहे. पहिल्या ओळीत दोषी कोण ते सांगायचं, शेवटच्या ओळीत मागणी, आणि मधे वाचणाऱ्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. धारणाही तशीच उतरली. मुलाची बोली हेच त्याचं ज्ञान. बोलीला हसणारी शाळा बंद करा. शब्दार्थ फळ्यावर उतरवून देणं ही पोपटपंची, ती थांबवा. घोकंपट्टी लादणाऱ्या व्यवस्थेचा धिक्कार असो.

आमच्या मार्गदर्शक सरांनी चारही पानं वाचली. हे विशेष, कारण फाईल वाचतात अशी त्यांची ख्याती नव्हती.

"ही धारणा आहे का निवेदन?" त्यांनी विचारलं.

"पटत नाही का सर?"

"पटतंय की. पण यात शासन आहे, व्यवस्था आहे, पालक आहेत. तुम्ही कुठं दिसंनात."

"मी लिहिणारी आहे ना सर."

"मग शिकवणार कोण? शासन?"

बाकीच्या मुली हसल्या. सरांनी पानं परत दिली आणि म्हणाले, आधी इंटर्नशिप करून या, मग पुन्हा लिहा. उतरवून काढणाऱ्यांच्या फाईलींवर सह्या झाल्या, माझी तेवढी परत आली.

इंटर्नशिपला मिळालेली शाळा उदगीरपासून ऑटोनं अर्ध्या तासावर होती. जिल्हा परिषदेची, आठवीपर्यंत. मास्तर कमी, म्हणून मुख्याध्यापक स्वतःच सहावीचे वर्गशिक्षक. पन्नाशीतला गडी, पांढरा शर्ट, खिशात दोन पेन, एक निळा आणि एक लाल. मी पत्रकं काढणारी आहे हे त्यांना कुठून कळलं माहीत नाही, पण पहिल्याच दिवशी म्हणाले, "या मॅडम. आमच्याकडं घोषणा फक्त पंधरा ऑगस्टला असतात बरं का." आणि सहावीचं मराठी माझ्याकडं देऊन मोकळे झाले.

पहिल्या पाठासाठी मी पुस्तकातला धडा घेतला नाही. मीच एक गोष्ट लिहिली. एक माणूस पोतं घेऊन नदीपलीकडच्या झाडाकडं जातो. झाड त्याला फळं देतं आणि विचारतं, "आणखी देऊ?" तो म्हणतो, "हो." झाड परत विचारतं, तो परत हो म्हणतो. येताना नदीत पोतं फाटतं, फळंही जातात आणि माणूसही गटांगळ्या खातो. शेवटचं वाक्य: 'हाव माणसाला बुडवते.' गोष्ट मी शुद्ध पुस्तकी मराठीत लिहिली. बोलीसाठी चार पानं खर्ची घालणारी मी, पण मुलांसाठी लिहायला बसले तेव्हा हातातून पुण्याची भाषा आली. तेव्हा हे माझ्या लक्षातही आलं नाही.

शब्दार्थ मी फळ्यावर लिहिले नाहीत. तत्त्व म्हणून. वाचून दाखवलं, हातवारे केले, झाडाचा आवाज काढला. पोरं पोट धरून हसली. शेवटी मी विचारलं, "हाव माणसाला काय करते?"

"बुडवतीय!" सगळा वर्ग.

"समजलं का?"

"हाव!"

इतकं खणखणीत 'हाव' मी लातूरच्या मोर्चातही ऐकलं नव्हतं. मला वाटलं, जिंकले.

आठवड्यानं चाचणी घेतली. प्रश्न मीच काढले, पेपर मीच तपासले. शेवटचा प्रश्न होता, 'या गोष्टीतून तुम्ही काय शिकलात?' बहुतेकांनी 'हाव माणसाला बुडवते' एवढंच लिहिलं होतं, मी टिकमार्क करत गेले. एका मुलीनं लिहिलं होतं: 'कुणी काही देऊलालं तर दर बारीला हाव म्हनू नये. आदी आपलं पोतं बगावं.'

मी लाल पेनानं फुली मारली. 'म्हनू'ला गोल केला, 'आदी'ला गोल केला, 'बगावं'ला गोल केला. 'देऊलालं'वर प्रश्नचिन्ह काढलं. गुण शून्य. माझं गाव शिरूर अनंतपाळकडचं, आमच्या घरी सकाळपासून हेच चालतं, काय करूलालास, कुठं जाऊलालीस. पण हातात लाल पेन होतं.

त्या चाचणीचं पुढं काय होणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी गुण बघितले आणि मागं पडलेल्या पोरांची यादी केली. यादीतली पोरं दुपारच्या जेवणानंतर व्हरांड्यात, तिसरीच्या पोरांबरोबर सतरंजीवर बसून अक्षरओळख करणार. त्या वेळात सहावीच्या वर्गात गणित आणि विज्ञान. कागदावर त्याला 'मूलभूत गट' म्हणायचे, पोरं 'खालची लाईन' म्हणायची. ही मुलगी माझ्या शून्यामुळं रेघेच्या खाली गेली होती. तो एक प्रश्न बरोबर धरला असता तर ती वर राहिली असती.

तीन दिवसांनी तिची आई फाटकाशी आली. शेतावर जायच्या घाईत होती, डोक्याला रुमाल, हातात डबा.

"नव्या बाई तुम्हीच का?"

"हो."

"आमचीला खालच्या लाईनीत घातलाव म्हनं. तिचा बाप म्हनूलालाय, तिसरीच्या लेकरात बसायचं आसंल तर घरी बस, धाकट्याला सांभाळ." मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "तिला काय येत न्हाई, तेवढं सांगा. मी घेते करून."

मी बघते, म्हणाले. मनात मात्र पत्रक सुरू झालं होतं: मुलींना वेगळं बसवणाऱ्या व्यवस्थेचा धिक्कार.

दुपारी मी व्हरांड्यात गेले. ती सतरंजीच्या कडेला बसली होती, तिसरीच्या पोरांपेक्षा दोन हात उंच, गुडघे पोटाशी घेऊन. पुढ्यात 'कमळ' 'बदक' लिहिलेली पाटी. मी शेजारी बसले आणि गोष्टीकडं वळले.

"त्या माणसाचं काय चुकलं गं?"

"तो हाव म्हनला."

"हाव म्हणत नाहीत बाळा. हाव धरतात."

तिनं अगदी खरं विचारावं तसं विचारलं, "हाव कशी धरायची म्याडम?"

शेजारचा तिसरीचा एक पोरगा म्हणाला, "तोंड धरून!" आणि सतरंजीवरची सगळी पोरं हसली. तीही हसली. मी हसले नाही, कारण तेवढ्यात मला कळलं होतं.

हाव म्हणजे होय. या गावात, माझ्या गावात, माझ्या आईच्या तोंडी, फोनवर माझ्या स्वतःच्या तोंडी. जेवलीस का, हाव. पोचलीस का, हाव. लोभाला आम्ही हाव म्हणतच नाही, हावरटपणा म्हणतो, नाहीतर 'लई खादाड झालाय' म्हणून सोडून देतो. मी लिहिलं, 'हाव माणसाला बुडवते', आणि तिनं वाचलं, होय म्हणणं माणसाला बुडवतं. आणि गोष्टीत तो माणूस दुसरं करतो काय? झाड विचारतं, तो होय म्हणतो. परत विचारतं, परत होय. तिनं गोष्ट नीट वाचली होती. बाकीच्यांनी माझं शेवटचं वाक्य उतरवलं होतं, आणि टिकमार्क मी त्यांना दिले होते.

आणि वर्गात मी विचारलं होतं, समजलं का. तेव्हा सगळे काय म्हणाले होते?

मी तशीच ऑफिसात गेले. मुख्याध्यापक हजेरीपट भरत होते. मी उभ्यानंच सुरुवात केली. बोलीभाषेची गळचेपी, प्रमाणभाषेची दादागिरी, गरिबाच्या मुलींवरचा अन्याय. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, पेपर कुणी तपासला?"

"मी."

"गोष्ट कुणी लिहिली?"

"मी."

"मग दादागिरी कोण करूलालंय?"

मी समोरच्या खुर्चीवर बसले.

"आम्ही जुनाट लोक," ते म्हणाले, "शब्दार्थ फळ्यावर लिहून देताव. हाव म्हणजे लोभ, पाच वेळा लिहा. तुम्ही त्याला पोपटपंची म्हणता. पण पोपटाला निदान शब्द तरी कळाला असता."

"पाच वेळा लिहून कळत नाही सर," मी म्हणाले. हे मला अजूनही पटतं. "पण मी एकदा तरी विचारायला पाहिजे होतं, तुमच्याकडं हाव कशाला म्हणतात."

"तुमच्याकडं? तुम्ही काय पुण्याच्या?"

त्यांनी मुलीला बोलावलं. ती दाराशी येऊन उभी राहिली, परकराला हात पुसत.

"झाडानं इचारलं तर काय म्हणायचं गं?"

"आदी पोतं बगायचं सर."

"आन पोतं लहान असलं तर?"

"तर म्हनायचं, बास. बाकीचं उद्या नेतो. झाड कुठं जाऊलालंय?"

मुख्याध्यापक मोठ्यानं हसले. मग यादी काढली. म्हणाले, नाव काढतो, पण यादी वर केंद्रशाळेकडं गेलेली आहे, कारण लेखी लागेल. कोऱ्या कागदावर द्या.

मी तिथंच बसून लिहिलं. दीड पान झालं. त्यांनी वाचून परत दिलं. "हे सरकारला लिहिलंय. मला लिहा. काय झालं, कुणी केलं."

"हे माझ्या इंटर्नशिपच्या अहवालात जाईल का सर?"

"जाईल. जायला पाहिजे."

दुसरा कागद घेतला. लिहिलं की सदर विद्यार्थिनीचं उत्तर बरोबर होतं. उत्तर तपासणारीला तिच्या बोलीतला शब्द कळला नाही. तपासणारीचीही तीच बोली आहे. गुण द्यावेत. खाली सही केली. लिहिताना कुठंही उद्गारचिन्ह पडलं नाही, कारण उद्गारचिन्ह स्वतःवर टाकायची मला सवय नव्हती.

मुलीला सांगितलं, आजपासून दुपारी वर्गात बस. तिनं विचारलं, "मग माझं उत्तर बराबर होतं का?"

"बरोबर होतं. माझी गलती झाली."

"मग त्यावर तसं लिहा की. बापाला दाखवायचंय."

मी मुख्याध्यापकांकडून तिचा पेपर घेऊन फुली खोडली, गुण दिले, बाजूला लिहिलं 'बाईंची चूक'. तिनं ते दोनदा वाचलं, घडी घालून दप्तरात ठेवलं. आभार वगैरे काही नाही. आभार मानण्यासारखं काय होतं त्यात?

कॉलेजातल्या सरांनी मागितलेली चार पानं मला पुन्हा लिहायची आहेत. बोलीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. रिकाम्या जागा भराव्यात हे मत बदललेलं नाही. बोलीला हसणारी शाळा बंद व्हावी असं अजूनही वाटतं, फक्त त्या शाळेत लाल पेन माझ्याही हातात होतं हे आता लिहावं लागेल. शिकवणं म्हणजे काय, याबद्दल सध्या माझ्याकडं एकच वाक्य आहे: मुलानं चुकीचं लिहिलं असं वाटलं तर फुलीच्या आधी त्याला विचारायचं, तू असं का लिहिलंस. पानभरही होत नाही.

पण ते नंतर. त्या यादीत आणखी तीन नावं होती, आणि तिघांचेही पेपर मीच तपासले होते. मुलगी वर्गात गेल्यावर मी मुख्याध्यापकांकडं सहावीचा गठ्ठा मागितला.

"सगळा?" ते म्हणाले.

"सगळा."

"बसा मग. चहा सांगतो."

त्या तिघांतल्या पहिल्याच्या पेपरावर एका उत्तराला मी चार गोल केले होते. मी तो पेपर घेऊन व्हरांड्यात गेले आणि ज्याचा होता त्याला सतरंजीवरून उठवलं. तो घाबरला.

"काय न्हाई रे," मी म्हणाले. "ये, बस इथं. हे काय लिहिलंयस, मला सांग."