शरयूनं न वाचलेलं शिफारसपत्र

शरयू खानझोडे नागपूरहून अमेरिकेत ॲन आर्बरला एम.एस. करायला आली, ती स्वतःच लिहिलेल्या शिफारसपत्रांवर. तिनं काही जगावेगळं केलं नव्हतं. आमच्याकडे पद्धतच तशी. मजकूर विद्यार्थ्यानं टाइप करून न्यायचा आणि सरांनी चहा पिता पिता त्यावर सही ठोकायची. स्वतःला ‘अत्यंत मेहनती’ म्हणताना कुणाचाही हात अडत नाही.

२००५ साली तिनं तिथंच पीएच.डी.ला अर्ज करायचं ठरवलं. नोकरीच्या भानगडीत ती पडलीच नव्हती. प्रवेश हुकला असता तर गाशा गुंडाळून थेट नागपूर.

तिचे गाइड होते प्रोफेसर केलर. सरांना त्रास नको म्हणून तिनं सवयीप्रमाणं तयार पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी थोडं वाचलं आणि कागद परत दिला.

“हे माझं मत नाही, तुझं आहे,” ते म्हणाले. “माझं मी लिहीन. पण ते वाचायचा हक्क तू सोडलास तरच.”

अर्जावर तसा रकानाच होता. प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला कायद्यानं आपली फाइल बघता येते, मात्र शिफारसपत्रं बघायचा हक्क आधीच सोडून देता येतो. एका हातानं हक्क द्यायचा आणि दुसऱ्या हातानं तो काढून घ्यायचा, हे मला आजही पटत नाही. मी तेव्हा तिची रूममेट होते.

“साइन करू नकोस यार,” मी म्हटलं. “त्यांनी काहीही लिहिलं तर?”

“नाही केली तर ते लिहिणारच नाहीत.”

तिनं सही केली आणि मग हिवाळाभर धसका घेऊन बसली. मार्चमध्ये प्रवेश मिळाल्याचं कळलं, तरी तिचं समाधान होईना. टर्म सुरू झाल्यावर तिनं ऑफिसात जाऊन फाइल मागितली. क्लार्कबाईंनी केलरांचं पत्र तिच्यातून आधीच काढून बाजूला ठेवलं होतं.

“निदान केवढं आहे ते सांगाल?” तिनं विचारलं.

बाई जरा घुटमळल्या. “दोन पानं. भरून.”

घरी येऊन तिनं आईला फोन लावला. “आई, सरांनी माझ्याबद्दल दोन पानं लिहिलीत.”

“काय लिहिलंय गं?”

“माहीत नाही,” शरयू म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. “पण त्यांनी स्वतः लिहिलंय.”